ओढून बघा, पण किती वेगानं ते मोजून

भेंडी चिरताना सुरीला सुटणारी तार आणि चमच्यावरून ओघळणारी मधाची तार, दोन्ही दिसायला जवळपास सारख्या. ओढल्या की लांबतात, बारीक होतात आणि शेवटी तुटतात. पण भेंडीच्या तारेत लवचिकता असते, मधाच्या तारेत नसते. हा फरक नुसतं बघून कळत नाही. तार किती वेळात किती बारीक होते, ते मोजल्यावरच कळतो.

विज्ञान प्रकल्पासाठी स्वस्तात आणि घरच्या घरी होणारा, तरीही ज्यात खरोखर काही मोजता येईल असा विषय शोधणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी आणि त्यांच्या शिक्षकांसाठी हा लेख आहे. भेंडी, मध, एक अंडं, पांढरा गोंद, टाकणखार आणि स्लो-मोशन चित्रण करणारा मोबाइल एवढ्या साहित्यावर काम भागतं.

आधी द्रवाच्या आत काय घडतं ते पाहू. मधातले साखरेचे रेणू लहान असतात. मध ओढला की ते एकमेकांवरून घसरतात आणि ओढणं थांबलं की विषय संपला. आपण कुठून आलो याची त्यांना काही आठवण राहत नाही. भेंडीच्या बुळबुळीत रसात मात्र पॉलिसॅकराइडच्या लांबच लांब साखळ्या असतात. एरवी प्रत्येक साखळी भिजलेल्या शेवयांसारखी गुंडाळी होऊन पडलेली असते. द्रव ओढला की ही गुंडाळी उलगडते, सोडला की पुन्हा गोळा होते. या गोळा होण्याला लागणाऱ्या वेळाला शिथिलन काळ म्हणतात. आपल्या प्रकल्पाचा सगळा डोलारा या एका राशीवर उभा आहे.

शिथिलन काळापेक्षा पुष्कळ सावकाश ओढलं, तर साखळ्यांना पुन्हा गोळा व्हायला सवड मिळते आणि द्रव मुकाट्यानं वाहतो. त्यापेक्षा झटकन ओढलं, तर साखळ्या ताणलेल्याच राहतात आणि रबरासारख्या मागे ओढतात. म्हणून ‘हा पदार्थ द्रव की घन?’ या प्रश्नाला एकच एक उत्तर नाही. किती वेगानं ओढता, ते आधी सांगावं लागतं. १८६७ मध्ये जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी वाहणं आणि लवचिकता एकाच समीकरणात बसवली. पुढे १९६४ मध्ये मार्कुस रायनर यांनी पदार्थाचा स्वतःचा काळ आणि आपण निरीक्षण करतो तो काळ यांच्या गुणोत्तराला डेबोरा अंक असं नाव दिलं. डेबोरा ही बायबलमधली स्त्री. तिच्या गीतात देवासमोर पर्वत वाहतात, म्हणजे देवाइतका वेळ हाताशी असेल तर पर्वतही द्रवच ठरतो, असा रायनर यांचा मिश्कील युक्तिवाद होता.

पर्वत राहू द्या, डांबराच्या जातीच्या पिचचं उदाहरण घ्या. हातोडी मारली तर त्याचे काचेसारखे तुकडे होतात. ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनच्या क्वीन्सलंड विद्यापीठात थॉमस पार्नेल यांनी १९२७ मध्ये हेच पिच नरसाळ्यात ओतलं आणि १९३० मध्ये नरसाळ्याचं खालचं टोक कापलं. २०१४ पर्यंत त्यातून अवघे नऊ थेंब पडले होते. तुमच्या प्रकल्पाच्या फलकावर हे एक उदाहरण पुरे. इंटरनेटवरून उचललेल्या दहा चित्रांनी फलक भरून टाकू नका.

आता भेंडीकडे वळू. सात-आठ कोवळ्या, ताज्या भेंड्यांच्या पातळ चकत्या करा आणि अर्धा कप साध्या पाण्यात तासभर भिजत ठेवा. मधूनमधून चमच्यानं हलवा, मग मलमलच्या फडक्यातून गाळून घ्या. मिक्सर वापरायचा मोह टाळा. मिक्सरच्या पात्यांजवळ द्रव इतक्या जोरात ताणला जातो की लांब साखळ्या मधोमध तुटू शकतात, आणि आपल्याला हव्या आहेत त्या नेमक्या सगळ्यांत लांब साखळ्या. खरं तर हाच प्रकल्पाचा एक छान भाग होऊ शकतो: अर्धा रस तसाच ठेवा, अर्धा मिक्सरमधून काढा आणि दोन्हींच्या तारा मोजून पाहा. रस त्याच दिवशी वापरा. शिळा झाला की सूक्ष्मजीव साखळ्या खाऊ लागतात.

मांडणी अशी करा. सपाट डोक्याचे दोन सारखे बोल्ट घ्या. बोल्ट नसतील तर टोक न केलेल्या दोन पेन्सिली चालतील. एक बोल्ट डोकं वर करून मातीच्या गोळ्यात घट्ट रोवा आणि त्यावर रसाचा एक थेंब ठेवा. दुसरा बोल्ट वरून थेंबाला टेकवा, एका झटक्यात साधारण सेंटिमीटरभर वर उचला आणि तिथेच स्थिर धरा. हात थरथरतो, म्हणून मनगट पुस्तकांच्या चळतीवर टेकवलेलं बरं. इथे बहुतेकांचा गोंधळ होतो तो असा: आपण मोजणार आहोत ते ओढताना घडणारं नाही, ओढून झाल्यावर घडणारं. हात थांबल्यावर मध्ये उरलेल्या तारेला पृष्ठताण चहूबाजूंनी आवळत राहतो. तार बारीक होत जाते, म्हणजे आतला द्रव ताणला जातच असतो. वेग मात्र आता तुमचा हात ठरवत नाही, द्रव स्वतः ठरवतो. प्रयोगशाळांमधली तंतू बारीक होण्यावर चालणारी महागडी उपकरणं याच तत्त्वावर चालतात.

चित्रणासाठी तारेच्या मागे पांढरा कागद आणि कागदामागे दिवा ठेवा, म्हणजे तार काळी आणि रेखीव दिसेल. मोबाइल हातात धरू नका, टेकवून ठेवा. तारेच्या शेजारी, तेवढ्याच अंतरावर, ०.५ मिलिमीटर जाडीचं यांत्रिक पेन्सिलचं शिसं उभं करा. मोजपट्टीचं काम ते करेल. सेकंदाला २४० चौकटींचं चित्रण अनेक मध्यम किमतीच्या फोनवर होतं. काही फोन याहून बरेच मोठे आकडे मिरवतात, पण मधल्या चौकटी पुष्कळदा सॉफ्टवेअरनं कल्पनेनं भरलेल्या असतात. त्या मोजमापाला निरुपयोगी आहेत. २४० चौकटींवर दोन चौकटींमधलं अंतर साधारण ४ मिलिसेकंद येतं आणि तेवढं पुरतं.

पहिला थेंब साध्या पाण्याचा घ्या. दोन-तीन मिलिमीटर जाडीची पाण्याची तार मोजक्या मिलिसेकंदांत तुटते, म्हणजे दोन-तीन चौकटींत खेळ खलास. पाठोपाठ भेंडीचा रस घ्या. नुसत्या डोळ्यांना तोही पाण्यासारखाच पातळ वाटतो, पण त्याची तार टिकून राहते. हा फरक एकदा पडद्यावर दिसला की पुढची आकडेमोड कोणाला कंटाळवाणी वाटत नाही.

आता मोजायला घ्या. चित्रण थांबवत थांबवत दर तीन-चार चौकटींनी तारेची जाडी मोजा आणि आलेख काढा: आडव्या अक्षावर वेळ, उभ्या अक्षावर जाडी. मधाची जाडी जवळपास सरळ रेषेत घटते. समान वेळात समान घट. मध दाट असेल तर तार सेकंदाला मिलिमीटरच्या आसपास घटते, त्यामुळे दोन मिलिमीटरच्या तारेला तुटायला एक-दोन सेकंद लागतात. भेंडीचा आलेख वेगळा येतो. तिथे समान वेळात समान घट होत नाही, जाडी समान वेळात निम्मी होते: १ मिलिमीटरची अर्धा, तेवढ्याच वेळात पाव, पुन्हा तेवढ्याच वेळात त्याच्या निम्मी. तार जितकी बारीक तितका पृष्ठताणाचा दाब वाढतो, पण ताणलेल्या साखळ्यांचा मागे ओढणारा जोरही त्याच प्रमाणात वाढत जातो. दोघांची बरोबरी राहते आणि त्यातून हे निम्मं-निम्मं होणं येतं. लवचिकतेची खूण म्हणजे आलेखाचा हा आकार.

शिथिलन काळ काढण्याची युक्ती तर तोंडी हिशेबाची आहे. जाडी निम्मी व्हायला जेवढा वेळ लागतो, त्याच्या निम्मा म्हणजे शिथिलन काळ. (काटेकोर गणितात २ ऐवजी २.०८ नं भागावं लागतं. घरच्या मोजमापात तेवढ्यानं काही बिघडत नाही.) समजा, दर १० चौकटींनी जाडी निम्मी होते. २४० चौकटींच्या चित्रणात १० चौकटी म्हणजे साधारण ४२ मिलिसेकंद, म्हणून शिथिलन काळ सुमारे २० मिलिसेकंद. सुरुवातीचा थोडा भाग आणि अगदी शेवटचा भाग हिशेबात घेऊ नका. सुरुवातीला साखळ्या अजून उलगडत असतात, आणि शेवटी तार इतकी बारीक होते की कॅमेऱ्याच्या दोन-तीन ठिपक्यांवर जाडी मोजण्याला अर्थ उरत नाही.

प्रकल्पाला खरी धार बदलाच्या राशी निवडण्यानं येते. रसात एकेक चमचा पाणी वाढवत न्या. लिंबाचे थेंब घाला. भेंडीच्या भाजीत आमसूल किंवा चिंच घातली की तार मोडते, हे घरोघर ठाऊक असतं; किती आंबट केल्यावर शिथिलन काळ किती घटतो, याचा तक्ता मात्र तुम्हाला स्वतःच करावा लागेल. कोवळी भेंडी आणि जून भेंडी अशीही तुलना होईल. मात्र एका वेळी एकच गोष्ट बदला आणि प्रत्येक मापन निदान पाच वेळा करा.

तार तुटायच्या सुमाराला चित्रण लक्ष देऊन पाहा. पुष्कळदा बारीक तंतूवर मोत्यांसारखे थेंब ओवलेले दिसतात. पृष्ठताणाला तारेचे थेंब करायचे असतात, थेंबांमधल्या तंतूतल्या ताणलेल्या साखळ्या त्याला तुटू देत नाहीत. दोघांच्या ओढाताणीत ही माळ तयार होते. लाळेतही ती सुंदर दिसते. लाळ वापरायची तर ताजी आणि स्वतःचीच वापरा. ठेवून दिली की तिची तार सुटेनाशी होते.

अंड्याचा पांढरा बलक मागे खेचलं जाणं दाखवायला उत्तम. बलकाचा दाट भाग चमच्यानं उचलून तार लोंबू द्या आणि ती कात्रीनं कापा. वरचा तुकडा सर्रकन वर चढतो. मधाची तार कापली तर असं काही होत नाही. मोजमाप नको असेल आणि लहान वर्गाला नुसतं दाखवायचं असेल, तर मी हाच प्रयोग सुचवेन; मिनिटभरात होतो आणि वाद मिटतो. कच्च्या अंड्याला हात लावल्यावर साबणानं हात धुवायला विसरू नका.

हाताच्या वेगाचा परिणाम पाहायचा असेल तर भेंडी उपयोगाची नाही, स्लाइम हवा. अर्धा कप पांढरा गोंद आणि अर्धा कप पाणी एकत्र ढवळा. दुसऱ्या भांड्यात अर्धा कप कोमट पाण्यात अर्धा छोटा चमचा टाकणखार विरघळवा. हे पाणी गोंदात थोडं थोडं घालत ढवळत राहा. गोंदाच्या प्रकारानुसार ते कमीजास्त लागतं, म्हणून एकदम ओतू नका. गोळा जमला की हातात चिकटेनासा होईपर्यंत मळा. टाकणखार पोटात जाता कामा नये. त्यामुळे स्वयंपाकाची भांडी वापरू नका, हातमोजे घाला, लहान मुलांच्या हाती देऊ नका आणि काम संपल्यावर गोळा कचऱ्यात टाका, मोरीत नाही.

हा गोळा सावकाश ओढा. तो लांबत लांबत केसासारखा होतो आणि लोंबतो. तोच गोळा हिसका देऊन ओढा. टक्कन तुटतो, आणि तुटलेली बाजू सुरीनं कापल्यासारखी स्वच्छ असते. टाकणखारातलं बोरॉन गोंदाच्या साखळ्यांना जागोजागी गाठी मारतं. या गाठी सतत सुटत आणि पुन्हा बसत असतात. सावकाश ओढताना त्यांना सुटायला वेळ मिळतो, म्हणून गोळा वाहतो. हिसक्यात वेळ मिळत नाही, मग सगळी ऊर्जा साठते आणि एका तड्यातून बाहेर पडते. १९४३ मध्ये अमेरिकेतल्या जनरल इलेक्ट्रिकच्या जेम्स राइट यांनी सिलिकॉन तेल आणि बोरिक आम्ल मिसळून केलेली आणि पुढे ‘सिली पुटी’ या नावानं खेळण्याच्या दुकानात गेलेली पुटीही हेच करते.

परीक्षक इथे हमखास अडवतात. भेंडीची तार झटक्यात ओढल्यावर टिकते आणि स्लाइम तुटतो, मग दोन्ही लवचिक द्रव कसे? उत्तर तयार ठेवा. भेंडीच्या रसात साखळ्या विरळ आहेत आणि भोवती भरपूर पाणी आहे. वेगानं ओढलं की त्या ताणल्या जाऊन तारेला बळकटी देतात, बाकी पाणी वाहतच राहतं. स्लाइममध्ये साखळ्यांचं गाठींनी बांधलेलं दाट जाळं आहे. वेगानं ओढलं की अख्खं जाळं घन पदार्थ होतं, आणि घन पदार्थात तडा पळू शकतो. दोन्हीकडे ओढण्याचा काळ शिथिलन काळापेक्षा कमी पडतो, हे साम्य आहे. पुढे काय घडतं ते आतल्या रचनेवर ठरतं.

हातानं ओढताना वेग मोजायचा कसा? इथे एक खाच आहे. सेकंदाला किती सेंटिमीटर ओढलं, यानं भागत नाही. ५ सेंटिमीटरचा गोळा १० करणं आणि ५० चा ५५ करणं यांत वाढ तेवढीच, पण ताण अगदी निराळा. ताणाचा दर म्हणजे एका सेकंदात होणारी वाढ भागिले त्या क्षणाची लांबी. हात एकाच वेगानं मागे नेला, तर लांबी वाढेल तसा दर घटत जातो आणि नकळत तुम्ही सावकाश ओढू लागता. दर कायम ठेवायचा तर प्रत्येक ठोक्याला लांबी दुप्पट करायची: ५, १०, २०, ४० सेंटिमीटर. भिंतीवर या खुणा करा, मोबाइलवर मेट्रोनोम लावा आणि एका टोकाला मित्राला उभं करा. दर काढायला ०.६९ ला दोन ठोक्यांमधल्या सेकंदांनी भागा. एका सेकंदाच्या ठोक्याला दर ०.६९, पाव सेकंदाच्या ठोक्याला २.८ च्या आसपास. कोणत्या ठोक्याला किती लांबीवर तुटतो, त्याचा आलेख करा. मग तोच गोळा तासभर फ्रिजमध्ये ठेवून पुन्हा ओढा. थंड गोळा बऱ्याच सावकाश ठोक्यालाही तुटेल, कारण थंडीत गाठी सुटायला जास्त वेळ लागतो.

दोन सापळे सांगून ठेवतो. कॉर्नफ्लोअर आणि पाण्याचं मिश्रण ठोसा मारल्यावर कडक होतं, म्हणून पुष्कळ जण ते याच प्रकल्पात घुसडतात. तिथे साखळ्या नाहीत, कण एकमेकांत अडकतात; कडक झालं तरी ते मागे खेचलं जात नाही. दुसरा सापळा पाकाचा. एकतारी, दोनतारी पाकाची तार साखरेच्या दाटपणाची आहे, लवचिकतेची नाही. आलेख काढलात तर पाक मधाच्याच बाजूला जाईल.

ज्यांना थोडं खोलात जायचं आहे, त्यांनी फ्रेडरिक ट्राउटन यांचं १९०६ चं काम पाहावं. पिचसारख्या पदार्थांच्या कांड्या ओढून त्यांनी दाखवलं की साध्या द्रवाचा ओढण्याला होणारा विरोध त्याच्या नेहमीच्या श्यानतेच्या, म्हणजे वाहण्याला होणाऱ्या विरोधाच्या, तिप्पट असतो. लांब साखळ्यांच्या द्रावणात हेच प्रमाण शेकडो, हजारो पटींवर जातं. पियेर-जिल द जेन यांनी १९७४ मध्ये भाकीत केलं की ताणाचा दर आणि शिथिलन काळ यांचा गुणाकार साधारण अर्ध्यावर गेला की गुंडाळी एकाएकी उलगडते. १९९७ मध्ये स्टीव्हन चू यांच्या गटानं चमकणारा रंग लावलेल्या डीएनएच्या एकेका रेणूला ओढून ते सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. मौज अशी की एकाच प्रवाहात एक रेणू झटकन उलगडायचा आणि शेजारचा गुंडाळी करूनच बसायचा. आपल्याकडे या क्षेत्रातलं मोठं काम पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत झालं, डॉ. रघुनाथ माशेलकर यांचं संशोधन बहुवारिकं (लांब साखळ्यांचे रेणू) आणि श्यानतेचा न्यूटनचा नियम न पाळणारे द्रव याच विषयांतलं.

‘उपयोग’ या मथळ्याखाली काय लिहायचं, हे विद्यार्थी नेहमी विचारतात. पाइपातून वाहणाऱ्या द्रवात किंचित लांब साखळ्या मिसळल्या की खळबळाटाचा विरोध घटतो, हे बी. ए. टॉम्स यांनी १९४८ मध्ये जाहीर केलं. अलास्काच्या तेलवाहिनीत १९७९ पासून हा उपाय वापरला जातो. फसलेला उपयोग मला जास्त बोलका वाटतो. विमान आपटल्यावर इंधनाचा फवारा होऊन भडका उडू नये म्हणून इंधनात साखळ्या मिसळायची कल्पना होती. तार सुटणाऱ्या द्रवाचे बारीक थेंब होत नाहीत, हे तत्त्व बरोबरच. १ डिसेंबर १९८४ रोजी कॅलिफोर्नियात एडवर्ड्स तळावर नासा आणि अमेरिकी विमान वाहतूक प्रशासनानं दूरनियंत्रित बोइंग ७२० मुद्दाम आपटलं. विमान ठरल्यापेक्षा वाकडं उतरलं, एक इंजिन चिरलं गेलं आणि प्रचंड भडका उडाला. असं इंधन सक्तीचं करण्याचा विचार त्यानंतर मागे पडला.

अहवाल लिहिताना प्रत्येक तक्त्याखाली खोलीचं तापमान, रस काढल्याची वेळ आणि चौकटींचा वेग नोंदवा. या तीन नोंदींशिवाय शिथिलन काळाचा आकडा दुसऱ्या कोणाला तपासता येणार नाही. आणि आकडा अपेक्षेपेक्षा वेगळा आला तर खोडू नका, चित्रणासह तसाच मांडा.